चार हजारांच्या पुढे

पार्सल आलं मंगळवारी. कुपवाडच्या कुरियरवाल्यानं
दोन्ही हातांनी उचलून दिलं,
"काका, फरशी हाय काय आत?"
लोहचुंबकं आहेत म्हटलं, दोन मोठी, दोन लहान.
घरी येईतो डिकीतला दहा-अकराचा पाना
खोक्याला बाहेरून चिकटलेला.

अजून काही जोडायचं नाही.
एकतीस वर्षं फोर्जिंगमध्ये काढलेला माणूस
निदान एवढं तरी शिकतो, की तापलेल्या जिनसेला
आणि नव्या जिनसेला लगेच हात लावू नये.
आधी यादी. वूफर दोन, ट्वीटर दोन,
तांब्याच्या तारेची वेटोळी चार, सुपारीएवढे कपॅसिटर,
स्क्रू बत्तीस. मोजले, एकतीस.
परत मोजले.
बत्तिसावा रात्री पायाला सापडला.

लाकडाचं दस्तगीरभाईंच्या वखारीत सांगून ठेवलंय,
अठरा मिलिमीटर, मरीन प्लाय.
ते फळी उभी धरतात, बोटाच्या पेरानं वाजवतात,
कलिंगड घेताना वाजवावं तशी,
आणि मान हलवतात. ही नको.
हिच्या पोटात कुठंतरी पोकळ आहे.
मीही कान देतो. मला दोन्ही फळ्या सारख्याच.

आत भरायला लोकर. जतकडचा म्हातारा बिरू
मागच्या रानात मेंढरं बसवून होता,
त्यानं कातरलेली दिली पोतंभर, पैसे घेईना,
"पेटीत मेंढरू कोंडताय व्हय?"
इंदूनं ती तीनदा धुतली.
तरी गच्चीवर मेंढवाडा.

पेटीचं आतलं माप अकरा लिटर.
नमुन्याला पुठ्ठ्याची पेटी केली
आणि इंदूच्याच डब्यातल्या तांदळानं भरून पाहिली.
साडेदहा.
"मग अर्ध्या लिटरात काय मावंना झालंय?"
म्हणाली, आणि तांदूळ पुन्हा चाळायला घेतले,
पुठ्ठ्याचा भुगा पडला होता त्यात.

आता तो कागद.
मिरजेच्या दवाखान्यात, काचेच्या खोलीत बसवून काढलेला.
मगदूम बाईंनी पेन टेकवलं, इथवर ठीक आहे काका,
आणि चार हजारांच्या पुढे, हे बघा,
रेघ विहिरीत उतरत गेलेली.
डाव्या कानाची जास्त खोल.
हॅमर डावीकडेच होता.

किटबरोबरही आलाय एक कागद,
तसाच चौकटींचा, तळाला तेच आकडे,
पण याची रेघ वीस हजारांपर्यंत सपाट,
माळावरच्या रस्त्यासारखी.
दोन्ही टेबलावर शेजारी ठेवले.
तीन हजारांशी वूफर सोडतो, ट्वीटर धरतो.
तीन ते चार, एवढा तुकडा माझ्या वाट्याचा.
बाकीचं वाजेल इंदूसाठी, भिंतींसाठी,
आणि पाटलांच्या कुत्र्यासाठी.

परवा जेवताना सहज म्हटलं,
प्लॉट पडले आणि रातकिडे गेले बघ इथले.
तिचा घास हातातच राहिला.
"गेले कुठं? रोज रात्री कान किटतात माझे."

मग एवढे भारीतले कशाला, जावई फोनवर विचारतो.
मी त्याला डाखकामाचा सराव सांगतो,
जुन्या रेडिओच्या पट्टीवर बावीस डाख दिले,
सतरा चकाकले, पाच मळकट,
मळकट म्हणजे कच्चा.
तो बरं बरं म्हणतो.

राहिली पोलॅरिटी.
भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढला,
वूफरच्या टोकांना टेकवला. कोन पुढं आला, किंचित.
बरोबर. लाल खूण केली.
आवाज झाला असावा.
मला तो बोटाच्या टोकाला लागला.

ट्वीटरला सेल लावायचा नाही, ठळक लिहिलंय, जळतो.
त्याचं खरंखोटं इंदूच सांगणार.
तिची नेमणूक झालीय
हे तिला अजून सांगितलेलं नाही.

ती आतून विचारते, किती वाजले,
मी वर बघतो,
चार दहा.
मघाशीही चार दहाच होते.